ओपन स्पेसमधला महादेव

अप्पा गेले त्या दिवशी त्यांना माती कुठे द्यायची, हे दुपार टळेपर्यंत ठरलं नव्हतं. हे वाक्य लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. त्यांच्याविषयी काहीही लिहायला घेतलं की शेवटी इथेच यावं लागतं, म्हणून आता सुरुवातीलाच लिहून टाकते.

नांदेडला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी दहा-बारा वर्षं भाड्याने राहिले. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, माणूस एकटं, सामानात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. उमरीहून नांदेडला आले तेव्हा खोली शोधताना आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. अप्पांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी पुस्तकांच्या गोण्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्याचं वजन किती व्हईल? स्लॅब जुना हाय माझा."

मी अंदाजाने काहीतरी सांगितलं. ते म्हणाले, "मग भिंतीला धरून लावा. मधी न्हाई. पुस्तकं काय, ज्वारी काय, स्लॅबला सारखंच."

मोंढ्यात एका अडत दुकानावर त्यांनी मुनिमी केली होती. कपाळावर भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगात पांढरा सदरा, आणि बाराही महिने हातात छत्री. छत्री पावसासाठी नव्हती. तिची लांबी त्यांना ठाऊक होती आणि ते तिने रस्ते मोजायचे. प्लॉट दाखवणारा दलाल "रस्ता तीस फुटी" म्हणाला की अप्पा खाली वाकून छत्री आडवी टाकत, उचलत, पुन्हा टाकत पलीकडच्या कडेपर्यंत जात. येणारी-जाणारी मोटारसायकल थांबून राही. पलीकडून ओरडत, "कागदावर तीस असंल. हितं वीसच हाय. बाकीचा कुणाच्या घरात गेला बघा."

जागा घेणं हा त्यांचा धंदा नव्हता. स्वतः त्यांनी आयुष्यात दोन-तीन प्लॉट घेतले, विकले, एवढंच. पण रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर माणसं येऊन बसत: एसटीतले कंडक्टर, कंपाउंडर, शाळामास्तर, पिग्मी गोळा करणारे. थोडे पैसे साठलेले आणि ते बुडण्याची भीती त्याहून जास्त साठलेली अशी माणसं. अप्पा दलाली घेत नसत, त्यामुळे नव्या माणसाला सुरुवातीला संशयच यायचा.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. भाव नाही, एनए झालं का नाही, काही नाही.

"विकणाऱ्याला बहिणी किती?"

समोरचा गोंधळायचा. "बहिणी? सातबाऱ्यावर तर तिघं भाऊच हायत, अप्पा."

"सातबाऱ्यावर नसंना का, घरात असंल की. ती आज राखी बांधून राहिली. उद्या रस्ता झाला, भाव वाढला, की तिचा नवरा वकील घिऊन येतो. आधी बहिणीची सही, मग इसार."

दुसरं सांगणं, जागा उन्हाळ्यात बघायची नाही. "उन्हाळ्यात समद्या जागा गुणी असतात. भादव्यात जावा. पाणी कुठं बसतंय ते बघा. पाणी खोटं बोलत न्हाई, दलाल बोलतो." तिसरं, बॉण्डवर, म्हणजे रजिस्ट्री न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवर, कधीच घ्यायची नाही, विकणारा सख्खा मेहुणा असला तरी. हे सांगताना ते मेहुणा शब्दावर जरा जास्तच जोर देत आणि आतून काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, भांडं आपटत.

चौथं सांगणं मी त्यांच्या तोंडून एकदाच नीट ऐकलं. चाकूरकडचे एक गुरुजी होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत नांदेड जिल्ह्यात नोकरी, निवृत्ती जवळ आलेली, बोलणं हळू. गावाकडे घर बांधायचं त्यांच्या मनात होतं. एक प्लॉट स्वस्तात मिळत होता, कारण बांधाला लागून कुणाची तरी समाधी होती.

"मी काही भूतबित मानत न्हाई, अप्पा," गुरुजी म्हणाले. "विज्ञान शिकवतो मी."

"मानू नका की. मेलेल्याला भ्यायचं काय कारण?" अप्पा म्हणाले. "पण गुरुजी, उद्या पोराच्या शिक्षणाला विकायची पाळी आली, तर घेणारा विज्ञान शिकलेला मिळंल का? तो भितो. आन् त्याचं भ्या तुमच्या पैशातून जातं. जिथं माणूस पुरलाय तिथून शंभर हात लांब घ्या. आन् इचारून घ्या. तिथल्या म्हाताऱ्याला इचारा, दलालाला न्हाई."

गुरुजींनी तो प्लॉट सोडला. त्यांचे डोळे इतके कृतज्ञ झाले होते की अप्पांनी नजर दुसरीकडे वळवली.

मलाही एकदा वाटलं, आपली जागा असावी. भविष्य निर्वाह निधीतून थोडे पैसे निघत होते. अप्पा माझ्याबरोबर आले. नदीपलीकडे नवी वसाहत होत होती. दलाल इस्त्रीच्या शर्टात, गॉगल डोक्यावर.

"म्याडम, इथून विमानतळ बघा, बिल्कुल पंधरा मिनिटं."

"इमान पकडायचं न्हाई तिला," अप्पा म्हणाले. "कॉलेजात जायचंय. सिटी बस कुठवर येती ते सांग."

छत्री पडली, उचलली, पडली. रस्ता पुरेसा निघाला. माती त्यांनी चपला काढून तुडवून पाहिली. मग नेहमीप्रमाणे ते शेजारच्या घराच्या फाटकाशी गेले. जागा घेण्याआधी शेजाऱ्याकडे पाणी मागून प्यायचं, हा त्यांचा नेम होता. नळाचं की बोअरचं, हे कळतं. घरात माणसं कशी आहेत, हेही कळतं.

एक बाई आल्या. हसतमुख होत्या. "बसा ना काका," म्हणाल्या. मला विचारलं, "तुम्ही घेणार का? बरं होईल, सोबत होईल." मग विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. त्या हसतच आत गेल्या. जरा वेळाने ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रेमध्ये अप्पांसाठी स्टीलचा पेला होता आणि माझ्यासाठी कागदी कप.

अप्पांनी पेला हातात घेतला, पाहिला, आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवला. माझ्या कपाला त्यांनी मला हात लावू दिला नाही.

"चला म्याडम. हितलं पाणी खारं हाय."

दलाल मागे धावत आला. "अप्पा, पिलं तर न्हाईत तुम्ही!"

"न पिताच कळालं," अप्पा म्हणाले आणि छत्री उघडून चालू लागले. ऊन नव्हतं. घर आल्यावर एवढंच म्हणाले, "दुसरी बघू. घाई न्हाई." दुसरी मी कधी बघितली नाही. पैसे भावाच्या आजारपणाला गेले.

काकू पक्षाघाताने गेल्या. त्यांच्या लिंगायत समाजात जाळत नाहीत. माणसाला बसवून माती देतात, आणि ज्याचं शेत आहे तो शेतातच देतो. चाकूरच्या पुढे, लातूरकडे जाताना हमरस्त्याला लागून अप्पांचं वडिलोपार्जित शेत होतं. काकूंना तिथे नेलं. वर छोटा ओटा बांधला, त्यावर पिंड बसवली. त्यानंतर दर सोमवारी अप्पा पहाटेच्या एसटीने तिकडे जायचे. एकदा मी सोबत होते. ओट्यापाशी जाऊन त्यांनी चपला काढल्या आणि हळूच म्हणाले, "बंदे." त्यांचं आजोळ उदगीरच्या पलीकडचं; नवरा-बायको एकांतात कानडी बोलत. बंदे म्हणजे आलो. मग ओट्याच्या उजव्या बाजूची ओंजळभर जमीन त्यांनी हाताने साफ केली, खडे वेचून बाजूला टाकले. "ही माझी," म्हणाले. एवढ्या जागा बघितलेल्या माणसाने आपली म्हणून दाखवलेली ती एकच.

मग रस्ता रुंद झाला. दोन्ही बाजूंनी ढाबे, पेट्रोलपंप, क्लासला जाणाऱ्या पोरांच्या मेसच्या पाट्या आल्या. पुण्याला कंपनीत असलेला मुलगा म्हणू लागला, अप्पा, शेत करणार कोण? प्लॉट पाडू. अप्पांनी फार विरोध केला नाही. पण स्वतःचा नियम त्यांनी स्वतःला लावला. उदगीरला दिलेल्या मुलीला, अक्कांना, सहीसाठी बोलावलं. अक्का कापडाच्या दुकानात नवऱ्याबरोबर बसतात. बोलायला धारदार बाई.

"सही करते," अक्का म्हणाल्या. मी चहा घेऊन खाली आले होते तेव्हा ऐकलं. "मला हिस्सा नको, प्लॉट नको. आईला हलवायचं न्हाई. आन् तुमची जागा तिच्याशेजारी ऱ्हायली पाहिजे. शब्द द्या."

"दिला," अप्पा म्हणाले. "कायद्यात बसवून देतो."

लेआउटचा नकाशा करताना इंजिनिअरने नेहमीप्रमाणे ओपन स्पेस मागे, नाल्याकडे टाकली होती. प्लॉट पाडले की थोडी जागा मोकळी सोडावीच लागते. कोणीही ती कामाला न येणाऱ्या कोपऱ्यातच सोडतो. अप्पांनी ती उचलून पुढे, मधोमध आणली, ओट्याभोवती.

"अप्पा, समोरची जागा अशी कोण सोडतं हो? चार प्लॉट बसतेत तिथं."

"ऱ्हाऊ दे न बसले तर. मधीच ठिव."

त्या दिवशी ते जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे हल्ली येत नसत. "म्याडम," म्हणाले, "ओपन स्पेसवर कुणाची वीट चढत न्हाई. ना पोराची, ना नातवाची. राखणीला सरकार बसवलं बघा मी." ते हसले. काकू गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्या जागेवर कुणाला बांधता येणार नाही, एवढं त्यांनी पाहिलं होतं. तिथे कुणाला पुरताही येणार नाही, हे पाहिलं नव्हतं. नकाशा मंजूर झाला त्या दिवशी ती जागा त्यांची राहिली नाही, ग्रामपंचायतीची झाली.

आणि आणखी एक गोष्ट त्यांनी केली होती, ती मला शेवटच्या दिवशी कळली.

ते झोपेतच गेले. फोनाफोनी झाली, मुलगा पुण्याहून निघाला, अक्का उदगीरहून परस्पर शेतावर पोचल्या. आम्ही नांदेडहून अप्पांना गाडीतून घेऊन गेलो. त्यांना खुर्चीत बसवलेलं, कपाळभर भस्म, हातात लिंग, गळ्यात हार. मान कलू नये म्हणून कापडाने मागे बांधली होती, तरी गाडीच्या हिसक्यांनी ती कलत होती. तिथे खुर्ची लिंबाखाली ठेवली, अक्का मागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी बापाचं डोकं धरलं. जंगम महाराज येऊन बसले होते. ओट्याच्या उजव्या बाजूला भावकीतल्या पोरांनी खड्डा काढायला घेतला.

तोपर्यंत तिथे आठ-दहा घरं झाली होती. माणसं गच्च्यांवरून बघत होती, मग खाली उतरली. सगळ्यात पुढे चाकूरचे ते गुरुजी. समोरचं घर त्यांचंच होतं. अप्पांकडूनच प्लॉट घेतला होता. त्यांनी आधी खुर्चीपाशी येऊन अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं, रडले. मग खड्ड्याकडे बघून म्हणाले, "हे काय करून राहिलेत पोरं?"

"आईशेजारी ठेवायचंय अप्पांना," मुलगा म्हणाला. "तशीच इच्छा होती त्यांची."

"कुणाच्या आईशेजारी?"

गुरुजींनी ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर बेलाची पानं होती, सकाळचीच. ती त्यांनीच वाहिलेली असणार.

"मी इचारलं होतं," गुरुजी म्हणाले. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "प्लॉट घेताना इचारलं होतं, अप्पा, हा महादेव कुणाचा? म्हनले, आमच्या घरातला हाय. मी समजलो कुलदैवत असंल. बायको म्हनली, महादेवासमोर घर, लई भाग्य. मी इथल्या म्हाताऱ्याला इचारायचं सोडून दिलं, कारण सांगणारे अप्पा होते."

मागून एक तरुण म्हणाला, "ओपन स्पेस ग्रामपंचायतीची हाय. ग्रामसेवकाला फोन लावलाय मी. मयत पुरता येत न्हाई म्हनतेत ते."

"अरे, मयत म्हणू नकोस माझ्या बापाला," मुलगा अंगावर गेला. लोकांनी धरलं. खड्डा काढणारी पोरं फावडी टेकून उभी राहिली. ऊन लिंबाच्या सावलीतून सरकून अप्पांच्या गुडघ्यांवर आलं होतं. मी त्यांचीच छत्री धरायला पुढे झाले.

"मला कुणीतरी इचारा की," अक्का म्हणाल्या. हात त्यांनी सोडले नव्हते. "सही घेताना तर सगळ्यांनी इचारलं होतं."

मग त्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

"गुरुजी, तुमच्या पाया पडले असते, पण हात सोडला तर डोकं पडतंय अप्पांचं. एवढी जागा द्या. पत्र्याएवढी. ओटा बी बांधत न्हाई वर. सपाट करून टाकू."

गुरुजी खाली बसले. मातीतच. आम्हालाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "ताई, मी आडवा येत न्हाई. पण घर कर्जाचं हाय माझं. पोरगी लग्नाची हाय. एक समाधी हाय ते मला आज कळालं. ते मी कुणालाच सांगणार न्हाई, आईची आण. महादेवच म्हणीन मी, मरंपर्यंत पाणी घालीन. पण दुसरी झाली, की लपत न्हाई, ताई. मग लोक पहिली बी काढा म्हनतेल."

त्यांनी उरलेल्या लोकांकडे पाहिलं. त्यातले निम्मे आत्ताच उठून आलेले होते, त्यांना नीट काही कळलेलं नव्हतं. अक्कांनीही पाहिलं. बापाची जागा मागितली तर आईची जाणार, हे त्यांना माझ्याआधी समजलं. त्यांनी भावाला फक्त मान हलवून सांगितलं.

पोरांनी खड्डा पुन्हा भरला. भरताना गुरुजींनीही दोन फावडी माती टाकली आणि पायाने दाबली.

अप्पांना समाजाच्या स्मशानभूमीत नेलं. तिथे मोकळी जागा कडेला, ओढ्याच्या अंगाला होती. जंगम महाराज म्हणाले, "पावसाळ्यात पाणी येतं हितवर. पण दुसरी न्हाई." मुलगा म्हणाला, चालेल. दिवस कलला होता. अक्कांनी खुर्चीतून उतरवेपर्यंत डोकं धरून ठेवलं, मग त्यांची बोटं उघडेनात, ती मी एकेक करून सोडवली.

अप्पांचा मला राग आला का? आला. गुरुजींना जे सांगायचं ते सांगितलं असतं, तर त्यांनी दुसरीकडे घर घेतलं असतं. कदाचित कुणीच तिथे घर घेतलं नसतं आणि शेत शेत राहिलं असतं. पण मग मुलाला त्यांनी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. मी अजून त्याच घरात राहते. खालचा मजला बंद आहे. रविवारी अजूनही कोणीतरी फाटक वाजवतं, आणि मी वरून सांगते, अप्पा नाहीत. काहीजण विचारतात, "मग बहिणीची सही घ्यायलाच लागती का, म्याडम?" मी म्हणते, लागते.

श्रावणातल्या एका सोमवारी अक्कांचा फोन आला, येता का. आम्ही चाकूरला भेटलो आणि तिथून ऑटोने गेलो. ओट्यावर आता पत्र्याचं छप्पर होतं, भगवा रंग दिला होता, घंटा टांगली होती. गुरुजी बायकांना रांगेत उभं करत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, हात जोडले आणि इतरांना म्हणतात तसंच म्हणाले, "या, दर्शन घ्या." आम्ही रांगेत उभ्या राहिलो. अक्कांच्या हातात काकूंना आवडायच्या त्या शेवंतीच्या वेण्या होत्या. पुढे एक नवी, ओळख नसलेली बाई होती, कडेवर लेकरू. तिने मागे वळून अक्कांकडे पाहिलं.

"लांबून आलाव का, ताई?"

"उदगीरहून."

"नवस हाय वाटतं?"

"हाव."

"काय मागितलंय?"

"जागा," अक्का म्हणाल्या.

बाईचा चेहरा उजळला. तिने लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं आणि हाताने दाखवलं. "मिळंल की. त्या नाल्याकडच्या अंगाला एक प्लॉट अजून खाली हाय बघा."

रांग पुढे सरकली.